जबड्याला लावलेली कानस

"मॅडम, बाकी सगळं मी केलंय. मागचा कोपरा तेवढा राहिलाय. तिथे हात पोचत नाही."

वाघमारेकाका खुर्चीत आडवे झाले आणि तोंड उघडायच्या आधी त्यांनी हे सांगून टाकलं. काय केलंय ते मला कळलं नाही. मी दिवा खाली ओढला, छोटा आरसा घेतला आणि आत बघितलं.

खालच्या जबड्यात, डाव्या बाजूला मागे, जिथे दाढ असायला हवी तिथे दाढ नव्हती. हिरडीही नव्हती. बोटाच्या पेराएवढं हाड उघडं पडलेलं. उघडं हाड मी पहिल्यांदा बघत नव्हते. पण असं हाड पिवळट असतं, खडबडीत असतं, त्यात अन्न अडकलेलं असतं. हे मात्र चकचकीत होतं. कडा गोल केलेल्या. वरून बारीक बारीक रेघा, सगळ्या एकाच दिशेने, पट्टी लावून मारल्यासारख्या.

"काका, ह्या रेघा कसल्या?"

"कानशीच्या."

"कसल्या?"

"कानस हो मॅडम. घासायची. बारकी आहे माझ्याकडे, घड्याळवाले वापरतात तसली. डेटॉलमध्ये बुडवूनच घ्यायचो, तसा निष्काळजीपणा नाही केलेला."

माझी असिस्टंट शुभांगी एकोणीस वर्षं माझ्याबरोबर आहे. ट्रे खाली ठेवून तीही वाकून आत बघायला लागली.

मी ओरल सर्जन. म्हणजे तोंडाच्या आणि जबड्याच्या शस्त्रक्रिया करणारी दातांची डॉक्टर. दवाखाना डोंबिवली पूर्वेला, आठवड्यातले दोन दिवस ऑपरेशनसाठी ठाण्याला. वाघमारेकाका ठाकुर्लीचे. अंबरनाथच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये फिटर होते, आता रिटायर. टूलरूमचा फिटर म्हणजे लोखंडाचा तुकडा घासून घासून केसाइतक्या फरकाने बरोबर बसवणारा माणूस. शिवाय ते बौद्धाचार्य आहेत. आजूबाजूच्या वस्त्यांमधली लग्नं तेच लावतात, आवाज खणखणीत.

चार वर्षांपूर्वी त्यांना जिभेच्या डाव्या कडेला कॅन्सर झालेला. जिभेचा तुकडा काढला, मग रेडिएशन झालं. आमच्याकडे पेशंट त्याला लाइट म्हणतात. लाइट सुरू व्हायच्या आधी त्यांच्या खराब दाढा काढायचं काम माझ्याकडे आलेलं. तिथपासूनची ओळख.

दाढा आधीच का काढायच्या? कारण रेडिएशन कॅन्सरच्या पेशी मारतं, पण वाटेत जबड्याचं हाडही येतं. त्या हाडातल्या बारीक रक्तवाहिन्या पुढच्या काही वर्षांत बंद होत जातात. हाड दिसायला जसंच्या तसं, पण स्वतःची दुरुस्ती करायची ताकद गेलेली. तुमचा-माझा दात काढला तर हिरडी काही आठवड्यांत बुजते. यांची बुजेलच असं नाही. कधी कधी ती उघडीच राहते, आतलं हाड मरत जातं. याला लांबलचक नाव आहे, ऑस्टिओरेडिओनेक्रोसिस. आम्ही ओआरएन म्हणतो. एरवी असं नाव आठवड्यातून चारदा कोण घेणार?

म्हणून रेडिएशन झालेल्या प्रत्येकाला मी एक कागद देते. मोठ्या अक्षरात, मराठीत. त्यातली पहिलीच ओळ: मला विचारल्याशिवाय कुठल्याही डॉक्टरकडून दात काढून घेऊ नका.

"दाढ कोणी काढली?" मी विचारलं. आवाज चढलेला होता, कबूल आहे.

"कोणी नाही. तुमचा कागद आहे ना फ्रिजवर लावलेला. डॉक्टरकडे नाही गेलो मी."

"मग ती काय उडून गेली?"

"हलत होती. मी जरा जास्त हलवली." त्यांनी बोटांवर मोजलं. "आठ दिवस हलवली."

मी कपाळाला हात लावला. ग्लोव्हसकट.

पाच महिन्यांपूर्वीची गोष्ट. दाढ आली हातात, रक्त फारसं आलं नाही, काका खूश. मग खड्डा भरेना. मग हाड दिसायला लागलं. हाडाची कड झाली धारदार, ती जिभेला कापायला लागली. आता टूलरूमच्या माणसाला धारदार कड दिसली की तो काय करणार? मेलेल्या हाडाला कळ नसते, त्यामुळे घासताना दुखलंही नाही. रोज सकाळी थोडं थोडं. बाथरूममध्ये, आरशासमोर.

"जॉब चांगला आलेला," ते म्हणाले. घडवायला घेतलेल्या तुकड्याला टूलरूमवाले जॉब म्हणतात. "पण मागची कड राहिली, तिथे कानस वळत नाही. आणि दीड महिन्यावर पुतणीचं लग्न आहे, मला लावायचंय. त्रिशरण पंचशील म्हणताना जीभ बरोबर त्या कडेवर जाते. तुमच्याकडे मशीन आहे, दोन मिनिटांचं काम."

मी जीभ बाहेर ओढून बघितली. कड जिथे लागत होती तिथे जखम झालेली. जखम जुन्या ऑपरेशनच्या अगदी शेजारी होती. ती घासून झालेली जखम असेल, नाहीतर कॅन्सर परत आलेला असेल. नुसतं बघून सांगता येत नाही. देवाच्यानं नाही येत. तुकडा काढून तपासावाच लागतो, त्याला बायोप्सी म्हणतात.

आधी आमच्याच मशीनवर ओपीजी काढला. म्हणजे पूर्ण जबड्याचा एक लांबट एक्सरे. डाव्या बाजूला हाडात काळपट खड्डा, वाळवी लागलेल्या फळीसारखा. फक्त जबड्याची खालची कड अजून शाबूत होती.

काकांनी स्क्रीनकडे बघितलं आणि विचारलं, "खाली किती एमएम शिल्लक?"

"नऊच्या आसपास."

"मग भरपूर आहे की."

"लोखंड असतं तर भरपूर होतं," मी म्हटलं. "हे हाड आहे, आणि त्याचा रक्तपुरवठा गेलाय. खड्डा खालपर्यंत गेला तर जबडा मोडेल. भाकरी चावताना मोडेल. मग तेवढं हाड कापून काढायचं आणि पायाचं हाड आणून तिथे बसवायचं. अख्ख्या दिवसाचं ऑपरेशन. त्यानंतर पंचशील सोडा, पाणी गिळायला शिकावं लागतं. आणि तुम्ही त्याला कानस लावताय!"

काकांनी स्क्रीनवरच्या त्या कडेवर बोट ठेवलं. दीडशे मायक्रॉनचा फरक बोटाने ओळखणारा माणूस, त्याला जाडीचा हिशेब समजावून सांगावा लागत नाही.

"पाच महिने एक फोन करता येत नव्हता?" मी सोडलं नाही. "ठाकुर्ली काय लंडन आहे? रिक्षाने वीस मिनिटं!"

"फोन केला असता तर शालनला कळलं असतं."

शालन म्हणजे काकू. बालवाडी चालवायच्या. आधीच्या प्रत्येक भेटीला बरोबर आलेल्या. आज पहिल्यांदा काका एकटे आले होते आणि माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

"मागच्या वेळी लाइट संपले तेव्हा तिने चाळीत पेढे वाटले," काका म्हणाले. "चार वर्षं झाली, आता कुठे ती झोपते नीट. तोंडात परत काहीतरी आलंय म्हटलं असतं तर ती तिथेच बसली असती. म्हटलं, कडच आहे, मोडून टाकू. कशाला कोणाला सांगा."

माझा सगळा आवाज तिथे उतरला. शुभांगीने उगाचच कपाटाचं दार उघडलं आणि लावलं.

मी त्यांचा जुना केसपेपर काढला. आठ महिन्यांपूर्वी ते तपासायला आलेले. माझ्याच अक्षरात लिहिलेलं: डावी खालची दाढ किंचित हलते, तीन महिन्यांनी बघणे. खाली लिहिलेलं: तक्रार नाही. मला तो दिवस आठवला. मी विचारलेलं, काका, काही त्रास? काकू बाजूच्याच स्टुलावर बसलेल्या. काका त्यांच्याकडे बघून म्हणाले, काही नाही, मस्त. मी लिहून मोकळी. तीन महिन्यांनी ते आले नाहीत आणि आम्ही फोन केला नाही. कवळीचं काम अर्धवट टाकून गेलेल्याला आम्ही चारदा फोन करतो. काकांना एकदाही नाही. तेव्हा शहाणपणा शिकवायचा मला फार हक्क नव्हता.

"तोंड तुमचं आहे," मी म्हटलं. "तुमच्या परवानगीशिवाय मी काकूंना एक अक्षर सांगणार नाही. पण ठाण्याला सीटी स्कॅन करायचाय, बायोप्सी करायचीय. बरोबर माणूस लागेल."

"शेजारचा येईल."

"शेजाऱ्याला रिपोर्ट ऐकायला आणणार? काका, ऐका माझं. उद्या काकूंना घेऊन या."

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता दोघंही हजर. काकूंना वाटत होतं, दाढ बसवायला आलोय. काका खुर्चीत बसले, माझ्याकडे बघितलं, काकूंकडे बघितलं. शेवटी त्यांनी खिशातून मोबाइल काढला, टॉर्च लावला, काकूंच्या हातात दिला आणि तोंड उघडलं.

काकू वाकून बघत राहिल्या.

"हे काय आहे?"

"हाड," काका तोंड उघडं ठेवूनच म्हणाले.

"कोणाचं?"

"कोणाचं म्हणजे? माझं!"

शुभांगीला हसू आवरेना, ती पाठ करून उभी राहिली. काकू मात्र हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे वळल्या आणि सरळ विचारलं, "परत आलंय का?"

"माहीत नाही," मी म्हटलं. खोटा धीर देण्यात अर्थ नसतो. "हाडाचं दुखणं लाइटमुळे आहे, ते कॅन्सर नाही. जिभेच्या जखमेचं सांगता येत नाही. आठवड्याने कळेल."

मग काकांनी सगळं सांगितलं. दाढ, कानस, बाथरूम, सगळं. काकूंनी ऐकून घेतलं. एका जागी मात्र त्यांनी थांबवलं.

"म्हणजे रोज सकाळी नळ सोडून ठेवायचात तो यासाठी?"

"आवाज बाहेर येऊ नये म्हणून."

"इतके महिने! त्या पाण्यावरून मी मजल्यावरच्या सगळ्यांशी भांडले! टाकी आपल्यामुळे रिकामी होते म्हणत होते, मी म्हटलं आमच्या घरी पाण्याचा थेंब वाया जात नाही! तोंड वर करून म्हटलं!"

आणि मग रडायला लागल्या. काका खुर्चीत उठून बसले, त्यांचा हात धरला. मी आणि शुभांगी बाहेर आलो. बाहेर तीन पेशंट खोळंबलेले. एकाने घड्याळ दाखवलं. मी म्हटलं, थांबायचं असेल तर थांबा.

त्या आठवड्यात कामं भराभर झाली. ज्या सर्जनांनी त्यांची जीभ वाचवलेली त्यांना फोन केला, ठाण्याला सीटी झाला, बायोप्सी झाली. एक आठवडा काकूंनी मला रोज फोन केला. रिपोर्ट आला का, एवढंच विचारायच्या. नाही म्हटलं की, बरं, ठेवते.

रिपोर्ट आला. जखम घासून झालेली. कॅन्सर नाही. मी फोनवर दोनदा वाचून दाखवला. पलीकडून काकूंचा आवाज आला, "अहो, ऐकलंत का? नाहीये!" माझा जीव भांड्यात पडला, तो त्यांच्यानंतर लगेचच.

पण जबड्याचा प्रश्न होताच. औषधं सुरू केली. अँटिबायोटिक, तोंड धुवायचं औषध, एक रक्ताभिसरण सुधारणारी गोळी आणि व्हिटॅमिन ई. ही जोडी काही पेशंटना गुण देते, सगळ्यांना नाही. आणि देते तीही घ्यावी लागते महिनोन्‌महिने. मी तसंच सांगितलं.

राहिली ती मागची कड. जीभ बरी व्हायची तर कड मोडायलाच हवी होती. मी भूल दिली, निर्जंतुक मशीन घेतलं, पाण्याचा फवारा ठेवला, हिरडीला धक्का लागू न देता हलक्या हाताने कड गोल केली. चार मिनिटं.

काकांनी चूळ भरली, जीभ फिरवून बघितली आणि म्हणाले, "छान फिनिश आहे." मग हळूच, "मॅडम, म्हणजे तुम्हीही तेच केलंत ना?"

"तेच केलं," मी म्हटलं. काय करणार? "पण मला कुठे थांबायचं ते ठाऊक आहे. तुम्ही आणखी महिनाभर घासलं असतं तर आज आपण पायाच्या हाडाबद्दल बोलत असतो. मला सांगा, कारखान्यात तुमचा जॉब तुम्हीच पास करायचात?"

"छे! इन्स्पेक्टर असायचा."

"मग आजपासून काकू इन्स्पेक्टर. रोज ब्रश झाला की तोंड उघडायचं, त्या टॉर्चने बघणार. तुम्ही हात लावायचा नाही. बोट नाही, काडी नाही, कानस तर नाहीच."

काकूंनी हे काम एकदम बालवाडीच्या शिस्तीत घेतलं. रोज सकाळी साडेआठला फोटो. पहिले काही फोटो नुसत्या मिशांचे आले. मग त्यांना जमलं.

जीभ तीन आठवड्यांत बरी झाली. पुतणीचं लग्न काकांनीच लावलं. मला आमंत्रण होतं, मी गेलेही होते. कल्याणच्या हॉलवर माइक बंद पडला आणि काकांनी उरलेलं सगळं विनामाइक म्हटलं, शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ. मी जेवताना मात्र त्यांच्या ताटावर नजर ठेवून होते. त्यांनी पापड उचलला, माझ्याकडे बघितलं, ठेवून दिला.

हाड मात्र तसंच उघडं. दोन महिने, चार महिने. एक्सरेत खड्डा वाढत नव्हता, पण कमीही होत नव्हता. पाचव्या महिन्यात काका वैतागले. काढून टाका एकदाचं, म्हणाले. मी नाही म्हटलं. शरीर कधी कधी मेलेल्या हाडाचा तुकडा आपणहून सुटा करतं आणि त्याच्या खाली नवी कातडी धरते. तेवढा वेळ द्यावा लागतो. मध्येच ओढला तर खालचं जिवंत हाड उघडं पडतं आणि सगळं पहिल्यापासून. घासणारा माणूस काहीतरी करत असतो. नुसतं बसून राहणं त्याला फार जड जातं, हे मला दिसत होतं.

सातव्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी काकूंचा फोन.

"मॅडम, तुकडा हलतोय. आज बोलताना त्यांना जाणवलं. मी टॉर्चने बघितलं, खरंच हलतोय."

"त्यांनी हात लावला?"

"नाही. मला हाक मारली. चहा टाकून आले मी, बघितलं, आणि आधी तुम्हाला लावला फोन."

अर्ध्या तासात दोघं रिक्षातून उतरले. काकांचे दोन्ही हात काकूंनी स्वतःच्या मांडीवर धरून ठेवलेले होते, असं त्यांनीच मला सांगितलं. ठाकुर्लीपासून डोंबिवलीपर्यंत. रिक्षावाला आरशातून बघत होता म्हणे, या वयात काय प्रेम.

मी बारीक चिमटा लावला. जोर लावावाच लागला नाही. करवंदाएवढा तुकडा अलगद बाहेर आला. रक्ताचे दोन थेंब. आणि खाली, जिथे सात महिने मी उघडं हाड बघत आलेले, तिथे गुलाबी, ओलसर, जिवंत कातडी होती. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत.

मी आरसा काकूंच्या हातात दिला. त्यांनी बराच वेळ बघितलं, मग काकांच्या गालावर हलकी चापट मारली आणि म्हणाल्या, "बंद करा आता तोंड."

तुकडा खबरदारी म्हणून तपासायला पाठवला. मेलेलं हाड, दुसरं काही नाही. एक्सरेत खालची कड होती तेवढीच आहे. मोडली नाही. कायमचं बरं झालं असं मी लिहून देणार नाही, अशा जबड्यावर आयुष्यभर लक्ष ठेवावं लागतं. दर तीन महिन्यांनी ते येतात. आले नाहीत तर आता शुभांगी फोन करते.

या सगळ्यातून मी शिकले ते फार मोठं नाही. माझ्या केसपेपरवर बीपी, शुगर, आधीची ऑपरेशनं, चालू गोळ्या असे प्रश्न वर्षानुवर्षं होते. त्यांच्या खाली मी एक प्रश्न वाढवला आहे, आणि तो मी नातेवाइकांना बाहेर बसवून विचारते. हा त्रास घरी कोणाकोणाला माहीत आहे?

बाकी सगळ्या प्रश्नांची उत्तरं पेशंट फटाफट देतात. या एकालाच वेळ लागतो.